न झिजणारा टायर

आमच्या घरात माणसाची चौकशी नंतर व्हायची, आधी त्याच्या टायरची. पाहुणा दारात चपला काढतोय तोवर माझे वडील, अप्पा, बाहेर जाऊन त्याच्या स्कूटरच्या चाकात अंगठ्याचं नख रुतवून आलेले असायचे. "गोटा झालाय की वो पावणं! कवा आणताय?" हे आमच्याकडचं स्वागत. त्या बिचाऱ्यानं अजून पाण्याचा तांब्यासुद्धा तोंडाला लावलेला नसायचा. अव्वा, म्हणजे माझी आई, स्वयंपाकघरात कपाळावर हात मारून घ्यायची आणि मग चहा टाकायची.

कोल्हापूरजवळ उचगावच्या कडेला अप्पांचा टायर रिमोल्ड करायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची लांबट शेड, एक बॉयलर, थोडे साचे आणि दारात टायरांचे ढीग. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला आमच्यात गोटा म्हणतात. असा गोटा आला की तो आधी खरवडायचा, त्यावर नव्या रबराचा पट्टा चढवायचा आणि साच्यात घालून वाफेवर शिजवायचा. बाहेर निघाला की काळाकुळीत, नव्या नक्षीचा, ओळखू येणार नाही असा. अप्पा त्याच्या कुशीवर एक छोटासा नंदी उमटवायचे. तो आमचा शिक्का. उसाच्या ट्रॉल्या, दुधाचे टेम्पो, गुळाचे ट्रक, सगळ्यांना नंदीचा टायर माहीत. कुरुंदवाडपासून मुरगूडपर्यंत कुठंही जा, रस्त्यावर आमचा नंदी पळताना दिसायचा. लहानपणी एसटीच्या खिडकीतून मी तोच शोधत बसायची.

आता त्या जागेवर मंगल कार्यालय झालंय. मागं तिथं एका लग्नाला गेले होते. सगळीकडं अत्तराचा घमघमाट, आणि मी पंगतीत बसून भाजक्या रबराचा वास शोधतेय! शेजारची बाई म्हणाली, "काय ओ, मसालेभाताला काही वास मारतोय काय?" आता हिला काय सांगायचं? म्हटलं, "न्हाय ओ, मसालेभात एकदम झकास हाय." आणि गुपचूप जेवले.

अप्पांचा देव एक आणि वैरी एक. देव महादेव आणि वैरी झीज. त्यांच्या पायातलं पायताण इतक्या वेळा तळ बदलून घेतलेलं की मूळचं त्यात काय उरलं होतं ते त्या चांभारालाच ठाऊक. झिजली ती वस्तू वाईट आणि टिकली ती चांगली, एवढं सोपं शास्त्र. मी शाळेत असताना पेन्सिलीला टोक करायची तीसुद्धा त्यांच्याकडं पाठ करून. नाहीतर लगेच, "अगं, खाल्लीस व्हय सगळी? दुपारला पाहिजे का न्हाय लिव्हायला?"

पण टायरच्या बाबतीत माणूस एक नंबर. त्यांच्याकडं एक लहान हातोडी होती. साच्यातून निघालेला टायर भिंतीला टेकवून ते त्यावर गोल गोल ठोकत जायचे आणि कान देऊन ऐकायचे. बाजारात बायका माठ ठोकून बघतात तसंच. खणखणीत वाजला म्हणजे आतला थर अन् थर चिकटून बसलाय. बद्द वाजला म्हणजे कुठंतरी थर सुटलाय, आज ना उद्या पट्टा सालीसारखा निघणार. असा बद्द टायर त्यांनी कधी शेडीबाहेर जाऊ दिला नाही. आणि बाहेर गेलेला कुणी तक्रार घेऊन परत आणला तर विचारायची सोय नाही. "माझा टायर? सुटला? तू हवा न बघता ऊस भरलास की रं!" त्या माणसाची अशी काही हजेरी घ्यायचे की तो जाताना आणखी दोन टायर करायला टाकून जायचा.

नव्वदच्या दशकात ह्या सगळ्याला उतार लागला. शहरात छोट्या मोटारी वाढल्या आणि त्यांना नव्या तऱ्हेचे रेडियल टायर येऊ लागले. लोक ते झिजले की फेकायचे आणि नवेच घ्यायचे. स्टेशनच्या रस्त्यावर नव्या टायरचं एक मोठं दुकान निघालं. त्याचा मालक अप्पांचा जुना दोस्त. रोज संध्याकाळी दोघं त्याच रस्त्यावरच्या एका गाड्यावर चहा प्यायचे, एकमेकांच्या घरची शेंगदाण्याची चटणी पळवून खायचे. त्यानं दुकानात एक पाटी लावली, 'नवा टायर घ्या, रिमोल्डचा भरवसा धरू नका.' झालं! अप्पांनी ती पाटी वाचली, चहा तसाच ठेवून उठले आणि त्या दिवसापासून त्या रस्त्यानंच जायचं सोडलं. स्टेशनला जायचं झालं तर सगळ्या गावाला वळसा घालून जायचे. अव्वा म्हणायची, "चपला झिजतील तुमच्या." तरी नाही.

आता माझं सांगते. मी एकुलती एक. कॉमर्स झाले आणि शेडीचं ऑफिस बघायला लागले. गाडी चालवायला शिकले ते टायर पोचवायच्या टेम्पोवर. आमच्याकडं पोरीसुद्धा 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. पुण्याची माझी मावसबहीण त्यावरून कायम हसायची. तिनं एकदा विचारलं, "अगं, तू टेम्पो चालवतेस?" मी म्हटलं, "चालवतो की! बस मागं, दाखवतो." बसली नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका डॉक्टरीणबाईंची छोटी लाल मोटार मी जुनी घेतली. दिसायला गरीब, दारं पातळ, पण कंपनीनं त्या डबीत दांडगं इंजिन बसवलेलं. पाय दिला की मान मागं जायची. त्याच सुमाराला गावाबाहेरच्या माळावर गाड्या पळवायचा डांबरी ट्रॅक झालेला. एखाद्या रविवारी तो सगळ्यांना खुला असायचा. ज्याला हौस असेल त्यानं आपली रोजची गाडी आणायची, हेल्मेट घालायचं आणि वळणावळणाच्या त्या रस्त्यावर जीव खाऊन फिरवायची. शर्यत अशी नाही, पण कडेला उभा असलेला माणूस घड्याळ लावून वेळ सांगायचा, आणि कोल्हापुरात वेळ सांगितली की शर्यत झालीच म्हणायची.

आणि टायर कुठला घालायचा ह्यावर तिथं जेवढी भांडणं व्हायची तेवढी निवडणुकीतसुद्धा होत नसतील. कुणी म्हणायचा रुंद टायर घाल, गाडी दबून बसते. अशा रुंद टायरच्या गाड्या पाय फाकून चालणाऱ्या पैलवानासारख्या दिसायच्या आणि वळणावर मडगार्डला घासून करकरायच्या. कुणी म्हणायचा हवा कमी कर. कुणी म्हणायचा टायर मऊ पाहिजे, रस्ता धरणारा. ज्याची गाडी सगळ्यात मागं, त्याचा सल्ला सगळ्यात पुढं.

मी घरी येऊन हे सांगितलं तर अप्पांचे डोळे चमकले. "बाहेरचा टायर कशाला? आपला हाय की!"

त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनी त्या रात्रीच्या जेवणाला सरळ बोलून दाखवलं. ट्रकचं काम होतं, पण तेही कमी होत चाललेलं. छोट्या मोटारींचं काम परत आलं तरच शेड चालणार होती. लोकांचा भरवसा बसत नव्हता तो ह्या छोट्या, जोरात पळणाऱ्या गाड्यांवरच. "पोरगी नंदीच्या टायरवर पळाली आणि चार लोकांनी डोळ्यांनी बघितली, तर त्याच्या पाटीला कोण विचारतंय?" म्हणजे माझी रविवारची हौस म्हणून जे चाललं होतं, त्यावर आता अप्पांची शेड आणि त्यांचं नाव दोन्ही येऊन बसलं. मी भाकरी मोडता मोडता थांबले. अव्वा म्हणाली, "आधी जेव. टायर कुठं पळून चाललाय?"

अप्पांनी पहिला जोड केला तो आपल्या जातिवंत शास्त्रानं. उसाच्या ट्रॉलीला लावतात ते कडक, चिवट, मरण नसलेलं रबर त्यांनी माझ्या त्या चिमुकल्या चाकांवर चढवलं. चारही टायरवर नंदी. हवा टणटणीत. हळदकुंकू झालं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला. अप्पा हात चोळत म्हणाले, "बघ, तुझं लगीन हुईल, तुझी पोरं शाळंत जातील, पण ह्यो टायर झिजायचा न्हाय."

त्या रविवारी पहिल्याच वळणाला गाडी माझी राहिलीच नाही. मी स्टिअरिंग उजवीकडं वळवलेलं आणि गाडी नाक सरळ ठेवून निघालेली, जत्रेला निघाल्यासारखी. पुढच्या वळणाला मागचा भाग फिरला आणि मी ज्या दिशेनं आले त्याच दिशेला तोंड करून उभी! धूळ नाकातोंडात. कडेचा झेंडेवाला लांबून ओरडला, "वैनी, रस्ता हिकडं हाय!" वैनी म्हणे! तुझ्या कुठल्या भावाशी लग्न झालंय रे माझं? मी दात ओठ खात गाडी वळवली. दिवसभर हेच. जिथं बाकीची पोरं सुळसुळ निघून जायची तिथं मी शेणावर पाय पडल्यासारखी घसरायची.

अप्पा त्या दिवशी बॉयलरच्या कामामुळं आले नव्हते. संध्याकाळी घरी आले तर ते पायरीवर वाटच बघत बसलेले. कशी झाली, किती वेळ लागला, काही नाही. सरळ चाकापाशी उकिडवे बसले, तळवा फिरवला आणि आनंदानं ओरडले, "अगं ए, हिकडं ये! बघ की! झिजलाच न्हाय! दिवसभर पळून झिजलाच न्हाय!"

माझं डोकं सटकलं. "अप्पा, तो झिजत न्हाय म्हणूनच घसरतोय! रस्ता धरतच न्हाय तो! ह्यापेक्षा चार चाकांना तवे बांधले असते तर बरं झालं असतं!"

अप्पा उठले. हात पुसत आत गेले आणि देवापुढं जाऊन बसले. पुढं बरेच दिवस घरात नुसतं 'मीठ दे, पाणी दे'. मी काही चुकीचं बोललेच नव्हते, त्यामुळं मी कशाला माघार घेऊ? आणि अप्पा तर अप्पाच. दोघंही एकाच कडक रबराचे.

वाट काढली ती अव्वानं. एका सकाळी ती मागच्या दारी कपडे धूत होती आणि अप्पा बंबात लाकूड सारत होते. ती त्यांच्याकडं न बघताच म्हणाली, "मागल्या बाजारात तुम्ही ह्यो साबण आणलाय, लई टिकणारा म्हणून. महिना झाला, हाय तेवढाच हाय. पण कापडं बघा, हायत तशीच मळकी. अवो, साबण झिजला न्हाय तर मळ कसा निघंल?"

अप्पा तिच्याकडं बघतच राहिले. मग तो साबण हातात घेऊन त्यावर नख दाबून बघितलं. तसेच ओल्या हातानं माझ्या खोलीच्या दारात आले. "म्हंजे तुला झिजणारा टायर पाहिजे?"

"व्हय."

"झिजणारा." हा शब्द त्यांनी परत एकदा तोंडात घोळवला, कडू औषध घोळवावं तसा. मग म्हणाले, "बघतो."

त्या माणसाला हे किती जड गेलं असेल हे मला तेव्हाही कळत होतं, आता तर फारच कळतं. जन्मभर ज्या झिजेशी भांडले तिलाच आता घरात पाट मांडून बसवायचं होतं. केरळच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी मऊ रबर मागवलं. गोटा टायर निवडले ते सोनाराच्या नजरेनं, एकेक ठोकून. साच्यातलं शिजवणं कमी-जास्त करून बघितलं. दोन जोड बिघडले ते स्वतःच्या हातानं कापून टाकले. शेवटी जो निघाला त्याच्यात नख घातलं की खूण राहायची, ताज्या वडीत राहते तशी. अप्पा तो नखाचा वळ बघून कसनुसं हसले. "काय दिवस आलाय बघ. झिजावा म्हणून टायर करायलोय."

मग मात्र त्यांना हुरूप आला. पुढच्या खुल्या रविवारी त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना आवतण दिलं. उसाच्या ट्रॉल्यावाले, दुधाचे टेम्पोवाले, मुरगूडचे एक पावणे तर सकाळीच फेटा बांधून हजर. माळावर आमची ही वरात. अव्वानं दशम्या आणि झुणका बांधून दिलेला. अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातलेला आणि खिशात ती हातोडी. मी म्हटलं, "हातोडी कशाला?" म्हणाले, "असू दे गं."

आणि काय सांगू तुम्हाला! पहिल्या वळणाला मी भीत भीत स्टिअरिंग वळवलं आणि गाडी वळली. जिथं बघावं तिथं जात होती. टायर रस्त्याला चावून बसत होते. दुसऱ्या फेरीत मी भीती सोडली, तिसऱ्या फेरीत ब्रेक उशिरा लावायला लागले. पैलवानी टायरवाल्या दोघांना मागं टाकलं. हेल्मेटच्या आत मी एकटीच मोठ्यानं हसत होते. एवढा निखळ आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता आणि त्यानंतरही क्वचितच झालाय. गाडी थांबवून उतरले तर सगळे धावत आले. मुरगूडचे पावणे फेटा सावरत ओरडले, "नाद खुळा! अप्पा, माझ्या पोराच्या गाडीचे चारी टायर उद्याच आणून टाकतो!" घड्याळवाला म्हणाला, आता शेवटचं सत्र राहिलंय, अशीच पळवली तर आज सगळ्यात कमी वेळ तुमचीच. अप्पांचा चेहरा मी विसरणार नाही. लग्नात मुलाच्या बापाचा असतो तसा, ताठ आणि भिजलेला.

लोक पाठीवर थाप मारत होते आणि अप्पा हळूच चाकापाशी बसले. टायर तापलेले, हात लावला तर चटका. त्यांनी हातोडी काढली. पुढच्या डाव्या चाकावर ठोकत गेले. खण, खण, खण. पुढच्या उजव्या चाकाला आले, कान जवळ नेला. खण, खण, आणि मग बद्द.

मला ते ऐकू आलं. त्या गोंगाटातसुद्धा आलं, कारण मी त्याच आवाजात वाढले होते. अप्पांनी परत तिथंच ठोकलं. बद्द. बोटभर जागा होती, बाहेरच्या कडेला. वरून काही दिसत नव्हतं. नंदी तसाच ऐटीत बसलेला.

"साकु," अप्पा म्हणाले.

अप्पांची आई सीमेपलीकडची, कन्नड बोलणारी. अप्पा एरवी मराठीत गरजायचे, पण मनातून भ्याले की आईच्या भाषेत जायचे. साकु म्हणजे पुरे. मी लहान असताना विहिरीच्या काठावर वाकले होते तेव्हा हाच शब्द ऐकला होता.

पण मी तेव्हा मुळीच ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. "अप्पा, एकच सत्र राहिलंय! जरा हळू घेतो वळणावर. सगळे बघायला आलेत, तुम्हीच बोलावलंय! आत्ता थांबलो तर लोक काय म्हणतील?"

मुरगूडच्या पावण्यांनीही माझीच री ओढली. "असू दे की अप्पा, कुणाला काय कळतंय? हूं दे एवढं."

अप्पा गुडघ्यावर हात देऊन उठले. मला वाटलं, आता पावण्यांची हजेरी घेणार, हवा कमी भरली, रस्ता तापला, काहीतरी म्हणणार. जन्मभर तेच तर म्हणत आले होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "पावणं, ट्रकचा टायर सुटला तर ट्रक कडंला थांबतोय. हितं सुटला तर गाडी पलटी हुईल. ह्यो माझा टायर हाय आणि त्यो सुटायलाय. हिच्या हवेचा दोष न्हाय, रस्त्याचा न्हाय. माझा दोष हाय. एवढ्या जोराच्या गाडीला माझं काम पुरं पडत न्हाय."

लांबून दुसऱ्या गाड्यांचा आवाज येत होता. अप्पांनी हात पुढं केला आणि मी किल्ली त्यांच्या तळव्यावर ठेवली. मला रडू फुटलं. ते शेवटच्या सत्रासाठी नव्हतं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि त्या सदऱ्यात उभं राहून त्यांना हे बोलावं लागलं, त्याचं होतं. पावण्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "दशम्या सोडा आता, भूक लागलीया." मग सगळे खाली बसून गुमान जेवले. गाडी तिथंच ठेवून आम्ही टेम्पोतून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा अंघोळ करून, विभूती लावून तयार. म्हणाले, "चल." टेम्पोत बसले आणि मला म्हणाले, "स्टेशनच्या रस्त्यानं घे." मी त्यांच्याकडं बघितलं. ते समोर बघत होते. मी गाडी वळवली.

दुकानात ती पाटी अजून तशीच होती, रंग थोडा उडालेला. त्यांचा तो जुना दोस्त काउंटरमागं पेपर वाचत बसलेला. अप्पांना दारात बघून तो उठून उभाच राहिला. इतक्या वर्षांत दोघांचेही केस गेलेले. पेपर कुठं ठेवावा ते त्याला सुचेना. म्हणाला, "या की. बसा. चहा सांगू?"

"चहा नंतर. टायर बघायला आलोय. हिच्या गाडीला."

तो माणूस हसला नाही की त्यानं टोमणा मारला नाही, हे मी आजही त्याच्या नावावर जमा धरते. त्यानं गाडी कुठली विचारली आणि आतून आपला सगळ्यात चांगला टायर आणून काउंटरवर ठेवला. आपल्या मित्राला आपण ओळखतो ह्या विश्वासानं म्हणाला, "डोळे झाकून न्या. ह्याला मरण न्हाय. पोरीचं लगीन हुईल, पण ह्यो झिजायचा न्हाय."

मी अप्पांकडं बघायचं टाळलं. अप्पांनी तो टायर फिरवून बघितला, नख दाबलं आणि बाजूला सारला.

"ह्यो नको," ते म्हणाले. "तुझ्याकडचा सगळ्यात लवकर झिजणारा दाखीव."

दुकानदाराला वाटलं चेष्टा आहे. तो हसायला लागला. मग त्यानं अप्पांचं तोंड बघितलं आणि हसणं थांबवलं. "अप्पा, असं तर आजवर कुणी मागितलं न्हाय."

"मी मागायलोय की. मऊ पाहिजे. रस्ता धरणारा पाहिजे. झिजू दे."

तो आत गेला. धूळ बसलेले चार टायर बाहेर आले, कुणी मागत नाही म्हणून मागं पडलेले. अप्पांनी नख घातलं. वळ राहिला. त्यांनी मान डोलावली. मग दोघांनी चहा घेतला, कप-बशीतला, गाड्यावरचा नव्हे. निघताना दोस्तानं विचारलं, "वैनीची शेंगदाण्याची चटणी अजून तशीच तिखट असती काय?" अप्पा म्हणाले, "यी की खायाला."

ट्रॅकवर नेऊन ते टायर अप्पांनी स्वतः चढवले. दोस्तानं दुकानातला माणूस बरोबर दिला होता, त्याला हात लावू दिला नाही. नट आवळले, हवा बघितली, सवयीनं हातोडी काढून चारही टायर ठोकून ऐकले. खणखणीत. मग पुढच्या उजव्या चाकापाशी उकिडवे बसले, आदल्या दिवशी जे बद्द वाजलं होतं त्या बाजूला. त्या नव्या टायरवर त्यांचा नंदी नव्हता. जिथं तो असायचा तिथं त्यांनी दोनदा हात फिरवला, गुराच्या कुशीवरनं फिरवावा तसा, आणि टायरला म्हणाले, "झीज बाबा, पायजे तेवढा झीज. माझी पोरगी तेवढी ऱ्हाऊ दे."

मग उठले, खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.